रद्दीतले मथळे आणि गळून पडलेलं प्रश्नचिन्ह



पर्युषण आठवड्यावर आलं की माझ्या अंगात झाडू संचारतो. यंदा माळ्यावरची आईंची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. 1979 च्या डिसेंबरात लग्न होऊन त्या या घरात आल्या त्या ही ट्रंक घेऊनच. आत दोन शालू, चांदीची गंधाची वाटी, पूजेचं जुनं पुस्तक, आणि तळाशी अंथरलेले वर्तमानपत्राचे कागद. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते कागद कोणी बदललेच नव्हते. उचलायला गेले तर उडदाच्या पापडासारखे हातात मोडायला लागले. एका तुकड्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच उरलं होतं: "स्कायलॅब आज". पुढचं सगळं गंजानं खाल्लेलं.

माझी लेक नववीत आहे. तिनं तो तुकडा हातात घेतला आणि विचारलं, "मम्मी, स्कायलॅब आज काय? येणार, जाणार, की सुट्टीवर?"

आई पलंगावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "पडणार."

मग वाती बाजूला राहिल्या, साफसफाई बाजूला राहिली, आणि आम्ही तिघी दुपारभर त्या रद्दीत बसलो. त्या दुपारचा हा वृत्तांत.

तुमच्यापैकी ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांना स्कायलॅब सांगायला नको. लहान मुलींसाठी सांगते. अमेरिकेनं 1973 मध्ये अवकाशात एक प्रयोगशाळा सोडली होती, सुमारे 77 टनांची. सहा वर्षांनी ती खाली यायला लागली. कुठे पडेल ते नेमकं कोणालाच सांगता येईना. तिचा एखादा तुकडा पृथ्वीवरच्या कोणा ना कोणा माणसाला लागण्याची शक्यता 152 मध्ये 1 आहे, असा हिशेब नासानं दिला होता. आता हा हिशेब सगळ्या जगाचा मिळून होता. पण आपल्याकडे गावोगावी लोकांनी तो स्वतःच्या अंगणापुरता करून घेतला.

आईंच्या माहेरी, सांगलीजवळच्या खेड्यात, वाड्यात चार भावांची कुटुंबं. 11 जुलै 1979 चा दिवस. चातुर्मास लागून दोन-तीन दिवस झालेले. शेजारच्या आळीत "मरायचंच आहे तर खाऊन मरू" म्हणून पुरणपोळीचा बेत झाला. वाड्यातही धाकट्या काकूंनी तोच प्रस्ताव आणला. आईंची आई मात्र ठाम. त्या म्हणाल्या, "परवाच मंदिरात उभं राहून चार महिन्यांचे नियम घेतलेत. ते पुरे झाल्याशिवाय मी काही मरायची नाही. अमेरिकेला तसं कळवा."

शेवटी पुरणपोळी झालीच, पण एका अटीवर. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं उरकायची. जग बुडणार असलं तरी रात्रीभोजन नाही. त्यामुळे सहाच्या ठोक्याला वाड्यात पंगत बसली. तुडुंब जेवून सगळे ओसरीवर आकाशाकडे बघत बसले, आणि जेवण अंगावर आल्यामुळे नऊ वाजता झोपले. आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास स्कायलॅब हिंदी महासागरावर आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकडे तुकडे होऊन पडली, तेव्हा वाड्यात सगळे घोरत होते. जगबुडीला जागा राहिला एकटा कुत्रा.

"आणि समजा, खरंच वाड्यावर पडली असती तर?" लेकीनं विचारलं.

मैत्रिणींनो, इथून आमचा खेळ सुरू झाला. मथळा खरा ठरला असता तर घरात काय झालं असतं?

आई म्हणाल्या, पहिला प्रश्न, पडली कोणाच्या वाटणीत? वाड्याच्या वाटण्या तेव्हा तोंडीच होत्या. मोठे चुलते म्हणाले असते, माझ्या छपरावर पडली. धाकटे म्हणाले असते, छप्पर तुझं, पण छेद पाडून आली ती माझ्या स्वयंपाकघरात. तलाठी पंचनाम्याला आले असते. "मालाचे वर्णन" या रकान्यात त्यांनी लिहिलं असतं, "एक लोखंडी वस्तू, जुनी, वापरलेली." मग कळलं असतं, की अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानं पहिला तुकडा आणून देणाऱ्याला 10,000 डॉलरचं बक्षीस लावलंय. हे मात्र खरं आहे. ते बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या एका 17 वर्षांच्या मुलानं पटकावलं. त्याच्या घराच्या आवारात तुकडे पडले होते. ते वाड्यात पडले असते तर चारी भावांची केस आजही कोर्टात असती, आणि तुकडा कोर्टाच्या मालखान्यात.

हेही खरं, की ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स नावाच्या गावानं नासाला 400 डॉलरचा दंड ठोठावला. कशाबद्दल? उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल! नासानं तो भरला नाही. अखेर 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओवाल्यानं श्रोत्यांकडून पैसे गोळा करून तो भरला. माझ्या जिन्यावर वरच्या मजल्याचा कचरा तीन वर्षं सांडतोय. एस्परन्सचं वाचून मला धीर आला. पाठपुरावा करायचा, एवढंच.

खेळ रंगला. लेकीनं मोबाइलवर जुने मथळे शोधायला सुरुवात केली.

सगळ्यात गाजलेली चूक अमेरिकेतलीच. 1948 च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. एका बाजूला ट्रूमन, दुसऱ्या बाजूला डेवी. शिकागो ट्रिब्यूनच्या छपाई कामगारांचा संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापायला द्यावा लागला. मतमोजणी पुरी व्हायची होती. पण सगळे म्हणतच होते की डेवी येणार. म्हणून त्यांनी 3 नोव्हेंबरच्या अंकावर आडवा मथळा लावला, डेवींनी ट्रूमनना हरवलं. जवळजवळ दीड लाख प्रती निघाल्या. सकाळ झाली तर जिंकले ट्रूमन! दुसऱ्या दिवशी सेंट लुईसच्या रेल्वे स्टेशनवर त्यांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला आणि ते मनापासून हसले. तो फोटो जगभर गेला.

हसणाऱ्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मला मात्र डेवींच्या बायकोची काळजी लागली. समजा हे आपल्याकडे घडलं असतं. पहाटे पेपर आला. बाईंनी मथळा वाचला, देवापुढे दिवा लावला, आचाऱ्याला पाच किलो बुंदीची ऑर्डर दिली. जाऊबाईंना फोन केला, तोही जरा ठसक्यात. नऊ वाजता खरा निकाल. आता त्या बुंदीचं काय करायचं? जाऊबाईंना परत फोन कोणी करायचा? पेपरवाले उद्या चौकट छापून मोकळे होतील. ठसक्यात केलेला फोन चौकटीनं मागे घेता येत नाही.

नंतर कांद्याचा मथळा सापडला. 1998 मध्ये कांदा इतका महागला की त्या वर्षीच्या दिल्लीच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना तो चांगलाच झोंबला. पहिल्या पानांवर आठवडेच्या आठवडे कांदाच. आईंना ते दिवस पक्के आठवतात. शेजारणी आमच्याकडे अशा नजरेनं बघायच्या, जणू आम्ही अगोदरच बातमी कळून कांदा सोडलाय. एक तर म्हणाली, "तुमचं बरं आहे बाई, धर्माचा धर्म आणि बचतीची बचत." आईंनी तिला सांगितलं, "अहो, आमच्याकडे कांद्याच्या जागी काजू-मगज वाटून घालतात. हिशेब करून बघा." हा मथळा आपल्या समाजापुरता खरा झाला असता तर घराघरांत "काजूचे भाव कडाडले" म्हणून मोर्चा निघाला असता. हॉटेलात मात्र कांदा काढून घेतलेल्या भाजीचे पैसे कधीच कमी होत नाहीत, यावर एकाही पेपरनं अजून मथळा केलेला नाही.

हसता हसता आईंनी एक गंमत दाखवली. आचार्य कुंदकुंदांच्या नियमसारात वचनगुप्ती सांगताना चार प्रकारच्या कथा टाळायला सांगितल्यात: स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा आणि भक्तकथा. भक्त म्हणजे इथे भात, अन्न, जेवणाच्या गप्पा. आई म्हणाल्या, "आता पेपर उघड. पहिल्या पानावर राजकथा, तिसऱ्यावर चोरकथा, पुरवणीत नट्यांचे फोटो आणि शेवटी पाककृती. सोडायला सांगितलेलं सगळं एकाच ठिकाणी, तेही महिन्याच्या बिलात." मी म्हटलं, "मग आई, पेपर बंद करूया?" त्या म्हणाल्या, "नको गं. पोळ्यांच्या डब्याला कागद कुठून आणू?"

माझं मत विचाराल तर पेपर बंद करण्यानं काही होत नाही. निदान पेपरात एक संपादक असतो, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात का होईना, खुलासा येतो. कधी कधी दुसऱ्या दिवशी येत नाही, हेही खरं. न्यूयॉर्क टाइम्सनं 1920 च्या जानेवारीत रॉबर्ट गॉडर्ड या शास्त्रज्ञाची अग्रलेखातून थट्टा केली होती. निर्वात पोकळीत अग्निबाण चालेल असं म्हणणाऱ्या या माणसाला शाळेतल्या मुलाइतकंही विज्ञान येत नाही, असा त्याचा सूर होता. पुढे 16 जुलै 1969 ला अपोलो 11 चंद्राकडे निघालं, आणि दुसऱ्या दिवशी टाइम्सनं दुरुस्ती छापली. चुकीबद्दल खेद आहे, म्हणून. 49 वर्षांनी!

लेक म्हणाली, "पप्पांसारखंच." आमचे हे आतल्या खोलीतून ओरडले, "मी ऐकतोय." 2009 मध्ये माझ्या माहेरच्या आंब्याच्या लोणच्याबद्दल ते जे बोलले होते त्याची दुरुस्ती यायला अजून 33 वर्षं आहेत, असं मी त्यांना कळवलं.

पण या गोष्टीत एक टोचणारी बाब आहे. गॉडर्ड 1945 सालीच वारले होते. ज्याची माफी मागायची तो ती वाचायला नव्हता.

यापुढे मथळे पेपरातले राहिले नाहीत, आपल्या हातातले झाले. 2016 चा नोव्हेंबर आठवा. 8 तारखेला नोटबंदी झाली. दोन-तीन दिवसांत कुठून तरी निघालं, की मीठ संपणार. दिल्ली, उत्तर प्रदेशापासून मुंबईपर्यंत लोक मिठासाठी दुकानांत धावले. देशात मिठाचा भरपूर साठा आहे, हे सरकारला जाहीर करावं लागलं. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ संपणार! आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी बारा किलो मीठ उचललं. खिशात नोटा नव्हत्या, तर उधारीवर. त्या वर्षी त्यांच्याकडे लोणचं, सांडगे, मिरच्या, सगळं खारट होतं. फरशी मिठाच्या पाण्यानं, दृष्ट मिठानं, आणि जाणाऱ्या पाहुण्याच्या हातात मिठाची पुडी. आम्ही खूप हसलो होतो. मीही हसले होते. माझ्या डब्यामागे लपवलेली चार पाकिटं तेव्हा कोणाला दिसली नव्हती, म्हणून आज सांगते.

ट्रंकेच्या तळाशी शेवटचा एक कागद निघाला. त्याच वर्षाचा, पण मार्चचा. त्यावर जयप्रकाश नारायणांचं नाव होतं. लेकीनं वाचायला घेतलं आणि आईंचं हसू थांबलं.

1979 च्या मार्चमध्ये जयप्रकाशजी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात फार आजारी होते. दिल्लीत पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्यापर्यंत बातमी पोचली की ते गेले, आणि त्यांनी ती लोकसभेत सांगितली. श्रद्धांजली वाहिली गेली, सभागृह तहकूब झालं, रेडिओवर बातमी गेली, कुठे दुकानं बंद झाली, कुठे शाळा सुटल्या. आणि जयप्रकाशजी जसलोकमध्ये जिवंत होते. ते वारले 8 ऑक्टोबरला, सहा महिन्यांहून जास्त काळानं. आई सांगत होत्या, "आमच्या शाळेच्या गुरुजींनी रडत रडत सुट्टी दिली. संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना वर्गात यायला लाज वाटत होती. त्यांची काय चूक होती गं? रेडिओनं सांगितलं, त्यांनी ऐकलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणखी एक मथळा मी एकटीनंच वाचला होता आणि तो कोणाला वाचून दाखवला नव्हता. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली. सुमारे 1500 माणसं गेली. पण न्यूयॉर्कच्या एका संध्याकाळच्या पेपरानं आधी मथळा छापला होता की टक्कर झाली, सगळे वाचले. इतकी उलटी बातमी आली कशी? पुढे जो उलगडा सांगितला गेला तो असा. बिनतारी संदेशांची आकाशात गर्दी झाली होती. एका संदेशात कोणीतरी विचारलं होतं, टायटॅनिकचे सगळे प्रवासी सुखरूप आहेत का? दुसऱ्या एका संदेशात भलत्याच एका जहाजाला ओढून बंदराकडे नेत असल्याचं होतं. दोन्ही एकमेकांत मिसळले. "सुखरूप आहेत का?" मधला "का" वाटेत पडला आणि उरलं, "सगळे सुखरूप आहेत."

प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि प्रश्नाची बातमी झाली. किनाऱ्यावर किती घरांत त्या संध्याकाळी सुटकेचा श्वास सोडला गेला असेल. या मथळ्याचा परिणाम कल्पनेनं रंगवायला मला धजावलं नाही.

आणि धजावलं नाही त्याला माझं स्वतःचं कारण आहे. आता तेच सांगते. इतकी वर्षं या जागी मी लोणची, व्रतं, मुलांचे डबे यांबद्दल लिहिलं. हे लिहिलं नव्हतं.

2021 चा मे महिना. दुसरी लाट. आमचे काका, म्हणजे माझे चुलत सासरे, तालुक्याच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. आत कोणाला सोडत नव्हते. काकू जिन्याखाली बाकड्यावर दिवस काढत होत्या. एका रात्री नात्यातलं कोणीतरी डबा द्यायला गेलं. दारातून त्याला काकांची खाट रिकामी दिसली. त्यानं घरी फोन केला. तिथून फोन फिरत फिरत आमच्या एका वहिनींपर्यंत आला, आणि त्यांनी घरच्या ग्रुपवर विचारलं, "काका गेले का? कोणीतरी म्हणत होतं."

मी अर्धवट झोपेत ते वाचलं. "गेले" वाचलं. "का" वाचलं नाही. ते दिवसच तसे होते, रोज कोणी ना कोणी जात होतं, डोळ्यांना तोच शब्द वाचायची सवय लागली होती. आणि मी, जिला सगळ्यांच्या आधी सगळ्यांना कळवायची हौस, उठून बसले आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "आमचे काका अनंतात विलीन झाले. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली दिव्याचं चित्रही टाकलं. वीस मिनिटांत चाळीसहून जास्त जणींनी हात जोडले. मंडळाच्या त्या ग्रुपवर काकूही होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काकांना फक्त दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं.

पहाटे मी तो संदेश पुसला. पण पुसलेला संदेश ज्यानं वाचला त्याच्या मनातून पुसला जात नाही.

काका बरे झाले. तीन आठवड्यांनी घरी आले. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, माझ्याबद्दल कोणी काय काय लिहिलंय ते दाखव. मेल्यावर वाचता येत नाही, मला संधी मिळालीय." बांधावरून ज्यांच्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं, त्या नातेवाइकांनी सगळ्यात मोठा मजकूर लिहिला होता. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग स्वतःच फोन लावला आणि म्हणाले, "अरे, मी वरून बोलतोय." त्या दोघांचं त्या दिवशी मिटलं. घरात सगळे हसले. मला वाटलं, चला, आपली चूकही पुण्याईत जमा झाली.

काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याशी चार महिने बोलल्या नाहीत.

सप्टेंबरात पर्युषण झालं. क्षमावणीला मी एकटीच त्यांच्याकडे गेले. दरवर्षी म्हणतो तसं "उत्तम क्षमा" म्हणून हात जोडले. काकू म्हणाल्या, "कशाची क्षमा मागतेस ते सांग." मी सांगितलं. सगळं, शब्द न् शब्द. दिव्याच्या चित्रासकट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जिन्याखाली मोबाइल वाजला. तुझं नाव दिसलं म्हणून उघडलं. मला वाटलं, धीर द्यायला काहीतरी लिहिलं असशील. वर जायला कोणी सोडत नव्हतं, खाली यायला कोणी रिकामं नव्हतं. दहा मिनिटांनी एक नर्स आली आणि म्हणाली, वॉर्ड बदललाय. तेवढी दहा मिनिटं माझं सगळं संपलं होतं गं."

मग त्यांनी चहा टाकला. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, पण कपात साखर माझ्या आवडीची, दोन चमचे घातली. मला ते पुरलं.

आता मत. मथळे हसण्यासारखे असतात ते फक्त लांबून. डेवींचा मथळा आपल्याला गमतीचा, कारण त्या घरची बुंदी आपण केली नव्हती. जयप्रकाशजींची बातमी इतिहासातली मोठी चूक, पण आईंना आठवतात ते गुरुजींचे डोळे. बातमी कुठल्या ना कुठल्या घरात जाऊन पडतेच. स्कायलॅब निदान बरीचशी समुद्रात पडली. आपण पुढे ढकललेली बातमी नेमकी ज्याचं घर आहे त्याच्याच छपरावर पडते.

आपल्याकडे यावर सांगून ठेवलेलं थोडं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक कूटलेखक्रिया. त्याचा अर्थ खोटा लेख, खोटी कागदपत्रं करणं. मी आयुष्यात खोटी कागदपत्रं केली नाहीत, म्हणून हा अतिचार आपल्याला लागूच नाही असं समजून मी पाठ म्हणत आले. त्या रात्री मी जे लिहिलं तो लेखच होता, आणि खोटाच होता. हेतू वाईट नव्हता, इतकंच. हेतू वाईट नसला म्हणून काकूंची दहा मिनिटं परत येत नाहीत.

आणि स्याद्वाद? स्यात् म्हणजे "कदाचित" असं समजून आपण तो शब्द उगाच डळमळीत करतो. स्यात् म्हणजे एका अपेक्षेनं, एका बाजूनं. खाट रिकामी आहे, हे खरं, दारातून पाहणाऱ्याच्या अपेक्षेनं. डेवी पुढे आहेत, हे खरं, तोवर मोजलेल्या मतांच्या अपेक्षेनं. मथळ्यात ही अपेक्षा लिहायला जागा नसते. पण आपण काही पेपर काढत नाही. आपल्याला जागेची टंचाई नाही. "अमक्यानं सांगितलं, मी स्वतः विचारलेलं नाही" एवढं लिहायला एक ओळ लागते. ती लिहायला लागलं की निम्म्या बातम्या पुढे पाठवाव्याशाच वाटत नाहीत. मी करून बघितलंय.

पाणी गाळून घ्यायचं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. गाळणं स्वच्छ आहे ना, दुहेरी आहे ना, हे आपण सुनेला बजावतो. मग कानावर आलेलं तसंच्या तसं दुसऱ्याच्या घरात का ओतायचं? मी आता तीन गोष्टी पाळते. आजाराची आणि मृत्यूची बातमी त्या घरातल्या माणसाला फोन करून विचारल्याशिवाय लिहायची नाही. रात्री काहीच पुढे पाठवायचं नाही. रात्रीभोजनत्याग आहे, तसा रात्रीसंदेशत्याग. आणि चूक झालीच तर नुसतं पुसून गप्प बसायचं नाही. ज्या ग्रुपवर लिहिलं त्याच ग्रुपवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगायचं की मी चुकले. क्षमावणीपर्यंतही थांबायचं नाही. गॉडर्डना 49 वर्षांनी माफी मिळाली, ती त्यांच्या कामी आली नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढी काळजी घेतली तर बातमी सगळ्यांच्या नंतर कळेल. कळू दे की. आईंची आई नऊ वाजता झोपल्या, त्यांना स्कायलॅबची बातमी सगळ्या गावानंतर सकाळी कळली. त्यांचं काय बिघडलं? चातुर्मासाचे नियम पुरे केले आणि पुढे पंचवीस वर्षं जगल्या.

ट्रंक पुसून झाली. तळाशी घालायला मी आजचाच पेपर घेतला. लेक म्हणाली, "मम्मी, मी म्हातारी झाल्यावर यातल्या कुठल्या मथळ्याला माझी नात हसेल?" आम्ही दोघींनी पान उलटसुलट केलं, पैजा लावल्या. तेवढ्यात आईंनी तो कागद आमच्या हातातून घेतला, मथळ्याची बाजू खाली करून ट्रंकेत अंथरला, आणि वर शालू ठेवले.

सगळ्यांना पर्युषणाच्या शुभेच्छा. माझ्या कुठल्या लिखाणानं कधी कोणाचं मन दुखावलं असेल तर सांगा. कशानं दुखावलं तेही सांगा, म्हणजे नेमकी क्षमा मागता येईल.

जयजिनेंद्र.